मोजायला कुणीतरी

त्या रात्री मला जाग आली ती शांततेमुळे. नवऱ्याच्या घोरण्याने माझी झोप मोडायची, त्याला खूप वर्षं झाली होती. नंतर कान सरावले. त्या रात्री घोरणं मध्येच तुटलं आणि मी उठून बसले. अंधारात त्याच्या अंगावर हात ठेवला. पोट आत ओढलं जात होतं, बरगड्या हलत होत्या, पण नाकापुढे धरलेल्या बोटांना वारा लागत नव्हता. काय करावं सुचेना म्हणून मी मनात आकडे मोजायला लागले. सत्तावीसला घशातून मोठा खरखराट होऊन श्वास सुटला. तो कुशीवर वळला आणि पुन्हा घोरायला लागला. त्याला जागसुद्धा आली नव्हती.

मग मी उशाशी कागद-पेन घेतलं आणि पहाटेपर्यंत तशीच बसले. अठरा. एकतीस. बावीस. पुन्हा बावीस. चाळीस. चाळीसच्या वेळी मी त्याला हलवून उठवलं. तो म्हणाला, "काय झालं? झोप ना."

सकाळी मी कागद दाखवला, तर त्याला काही आठवेना. रात्रभर झोप लागली होती म्हणाला. आणि त्याच वेळी डोकं जड झालंय, घसा कोरडा पडलाय, असंही म्हणाला. गेली दोन वर्षं तो रोज सकाळी हेच म्हणत होता आणि मी रोज ऐकत होते.

डॉक्टरांनी त्याला तपासण्याआधी माझ्याकडे बघून विचारलं, "यांच्या शेजारी कोण झोपतं?" मी कागद पुढे केला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि फाइलला लावून टाकला. झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, स्लीप ॲप्निया, पुष्कळदा असाच सापडतो, शेजारच्या माणसाकडून. ज्याला होतो तो त्या वेळी झोपलेला असतो. त्याला फक्त दिवसाची पेंग कळते, चिडचिड कळते, गाडी चालवताना जड होणारे डोळे कळतात. त्यामागचं कारण दुसऱ्याच कुणाला तरी ठाऊक असतं.

झोपेची तपासणी झाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, छाती श्वास ओढायचा प्रयत्न करत राहते आणि हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ असं झालं की श्वास एकदा अडला असं धरायचं. श्वास अगदी उथळ झाला तर तेही वेगळ्या निकषाने धरतात. तासाला पाचच्या आत असेल तर चिंता नाही. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. याचे तासाला अडतीस निघाले. म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एकदा त्याचा मेंदू त्याला गुदमरण्यातून बाहेर काढत होता, आणि आम्ही दोघं त्याला झोप म्हणत होतो.

नाकावर मुखवटा बसवून हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवायचा, असं मशीन मिळालं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हा उपाय प्रसिद्ध केला. त्याआधी आजार फार बळावला तर गळ्याला भोक पाडून श्वासनलिका बाहेर उघडायची, हा मुख्य इलाज होता. हे वाचलं तेव्हा त्या मशीनबद्दलची माझी नाराजी गेली. डॉक्टरांनी वजनही उतरवायला सांगितलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये काही वर्षं लोकांच्या मागे राहून केलेला एक अभ्यास २००० साली आला होता. त्यात वजन दहा टक्के उतरलं तर हा तासाचा आकडा सुमारे सव्वीस टक्क्यांनी उतरतो, आणि दहा टक्के वाढलं तर सुमारे बत्तीस टक्क्यांनी चढतो, असा हिशोब मांडला होता. मी तो डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि कामाला लागले.

कामाला मी लागले. आजार त्याचा, शरीर त्याचं, आणि कामाला लागले मी. पुढची सगळी अडचण तिथेच सुरू झाली, हे कळायला मला पाच महिने लागले.

मशीनच्या पडद्यावर सकाळी दोन आकडे येतात. किती तास लावलं आणि श्वास किती वेळा अडला. डोळे उघडल्यावर मी पहिल्यांदा ते बघायची, मग त्याच्याकडे. चार तासांच्या आत असतील तर माझा चेहरा पडायचा, आणि तो त्याला दिसायचा. ताटात काय वाढायचं ते मी ठरवायची. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्याचा हात माझ्या डोळ्यांखालून जायचा. चालून आलास का, किती वेळ, खरंच का. काळजीपोटीच विचारत होते मी, यात शंका नाही. पण तीच प्रश्नांची यादी रोज त्याच क्रमाने समोर आली की ऐकणाऱ्याला त्यातली काळजी ऐकू येत नाही.

एके दिवशी त्याच्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात मला खाऊचे रिकामे कागद सापडले. नीट घड्या घालून, एकात एक सरकवून ठेवलेले. मला आजही ते आठवतात ते त्या घड्यांमुळे. पन्नाशी उलटलेला माणूस गाडीत बसून एकटा खातो आणि बायकोला सापडू नये म्हणून कागदाच्या घड्या घालतो. त्या वेळी मात्र माझ्या मनात हे काही आलं नाही. मी ते कागद टेबलावर मांडले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू माझ्या सोबत नाहीस. तू माझ्या मागावर आहेस."

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मला फार लागलं होतं ते. रात्र रात्र जागून ज्याचा श्वास मोजला तो असं म्हणतो, हेच डोक्यात घोळत होतं. चौथ्या दिवशी त्याची तपासणी होती, म्हणून बरोबर गेले. त्याचा रक्तदाब घेऊन झाल्यावर नर्सबाई सहज म्हणाल्या, "ताई, तुमचाही बघू या का?" मी हात पुढे केला आणि बोलत राहिले. त्यांनी मला थांबवलं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली हवी, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीवर हवा, आणि मोजताना एक शब्दही बोलायचा नाही. बोलण्याने आकडा चढतो. मी गप्प बसले. एकशे बावन्न आणि शहाण्णव.

त्यांनी पुन्हा घेतला. एकशे पन्नास आणि शहाण्णव.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. त्याला म्हणायचा अधिकार होता. तो म्हणाला, "घरी मोजायचं मशीन घेऊ." एवढंच. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजलं, आकडे हटले नाहीत, आणि मला गोळी सुरू झाली. पाच महिने मी त्याचं ताट बघत होते. त्याच काळात माझ्या ताटात, माझ्या झोपेत, माझ्या दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या पाठीत काय चाललंय हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मला वाटायचं, मी धडधाकट आहे म्हणूनच तर याला सांभाळू शकते.

त्या रात्री त्याने डायरीचं नवं पान काढलं आणि मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे त्याचे आकडे, उजवीकडे माझे. उजवा रकाना मला बघवत नव्हता. पण त्या रेघेने आमचं घर बदललं, हे मी अगदी मनापासून सांगते.

त्याचं कारण पुढे एका अभ्यासात मला सापडलं. तो धूम्रपानाबद्दलचा आहे, पण माझ्या मते तो सगळ्याच सवयींबद्दल काही सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ३,७२२ जोडप्यांची माहिती तपासली आणि २०१५ साली ती प्रसिद्ध केली. ज्या बायका सिगारेट ओढत होत्या, त्यांच्यापैकी जोडीदारही ओढणारा आणि ओढतच राहणारा असेल तर आठ टक्के सुटल्या. जोडीदार आधीपासूनच न ओढणारा असेल तर सतरा टक्के. आणि जोडीदारानेही त्याच काळात सोडली असेल तर पन्नास टक्के.

सतरा आणि पन्नास या दोन आकड्यांपाशी मी खूप वेळ थांबले. आपल्याला वाटतं, चांगल्या सवयीच्या माणसाची संगत मिळाली की आपण सुधारतो. काही प्रमाणात सुधारतोही. पण आधीच पैलतीरावर उभं राहून हाका मारणाऱ्यापेक्षा शेजारी पाण्यात उतरलेला माणूस जास्त उपयोगी पडतो. त्याचेही पाय गारठलेले असतात. त्याच्यापुढे लाज वाटत नाही. तो "सोपं आहे" असं म्हणत नाही, कारण त्यालाही ते सोपं जात नसतं.

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ कामानिमित्त आला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते, आणि त्या गावात तो पुन्हा पिण्याच्या काठावर आला होता. त्याला डॉक्टर किंवा उपदेशक नको होता. त्याने दुसरा एक दारुडा शोधला, जो अजून पीत होता. त्याचं नाव बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. भेट पंधरा मिनिटांची ठरली होती, दोघं काही तास बोलले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ त्या दोन खुर्च्यांतून सुरू झाली. मला त्यात सगळ्यात भिडतं ते हे की विल्सन त्याला वाचवायला गेला नव्हता. स्वतः वाचायला गेला होता.

असो. रेघ ओढली गेली आणि आम्ही दोघं चालायला लागलो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस मोठ्या माणसांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. दीडशेला पाचने भागलं की रोज अर्धा तास, दोन दिवस सुट्टी. कागदावर सोपं होतं. पहिल्याच दिवशी भांडण झालं.

त्याचे पाय लांब. तो भराभर चालतो, आणि पुढे गेला की मागे वळून बघतो. त्याचं ते वळून बघणं मला सहन व्हायचं नाही. मी धावत-पळत गाठायची आणि मला धाप लागायची. तो माझ्यासाठी हळू चालला की त्याच्या हृदयाला काहीच काम उरायचं नाही, आणि चेहऱ्यावर ते दिसायचं. मध्यम व्यायाम कसा ओळखायचा, त्याची एक साधी खूण आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. ज्या वेगाला त्याला गाता येत होतं, त्या वेगाला मला बोलताही येत नव्हतं. एकच रस्ता, एकच वेळ, आणि व्यायाम दोघांचे वेगळे. जोडीने काही करायला निघालेले बहुतेक लोक इथेच सोडून देत असावेत. कुणीतरी एक जण स्वतःला आळशी समजतो, दुसरा स्वतःला अडकलेला.

वाट त्याने काढली. म्हणाला, "घरातून एकत्र निघू. आपापल्या वेगाने चालायचं. घड्याळात वीस मिनिटं झाली की जो जिथे असेल तिथून त्याने वळायचं."

मी म्हटलं, "मग?"

"मग बघ."

पहिली वीस मिनिटं तो पुढे पुढे जात वळणाआड दिसेनासा झाला. वीस झाली, मी वळले. आता रस्ता माझ्यासमोर मोकळा होता आणि तो माझ्या मागे कुठेतरी होता. मी माझ्या चालीने चालत राहिले. घर दिसायला लागलं तेव्हा मागून ओळखीची पावलं आली, आणि फाटकाशी आम्ही दोघं बरोबरच पोचलो. यात चमत्कार काही नाही. जाताना जेवढ्या वेगाने गेलात तेवढ्याच वेगाने परत आलात तर यायलाही तेवढाच वेळ लागणार, कुणी दूर गेलेला असो की जवळून वळलेला. शाळेतलं गणित आहे. पण निम्मा रस्ता तो माझ्या पुढे आणि निम्मा मी त्याच्या पुढे, हे मला फार आवडलं. जाताना त्याची पाठ दिसते, येताना त्याला माझी. कुणी कुणासाठी थांबत नाही आणि कुणी मागे राहत नाही. ज्यांची चाल जुळत नाही अशा कुणाही दोघांना मी हे आवर्जून सांगते, मैत्रिणी असोत की बापलेक.

आठवड्यातून एकदा मात्र आम्ही शेजारी शेजारी, माझ्या वेगाने चालतो. तो दिवस बोलण्याचा. समोरासमोर बसून जी गोष्ट काढायला जीभ रेटत नाही, ती दोघांची नजर रस्त्यावर असताना सहज निघते. गाडीतल्या कागदांबद्दल मी त्याची माफी मागितली ती अशाच एका दिवशी, चालता चालता, त्याच्याकडे न बघता.

ताकदीच्या व्यायामाला दोघांची ओढाताण वेगळ्या प्रकारे कामी आली. ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात बर्लिनच्या नौकाचालन क्लबातल्या लोकांकडून वजनाचा दांडा दमेपर्यंत उचलून घेतला होता, आधी एकेकट्याने आणि मग दोघांनी मिळून दुप्पट वजनाचा. एकाने सोडलं तर दुसऱ्याला तो पेलणारा नव्हता. जोडीत असताना कमी ताकदीचा माणूस एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. दोघांच्या ताकदीत थोडा फरक असेल तेव्हा हे चांगलं जमत होतं. फरकच नसेल किंवा फार मोठा असेल, तर तितकं नाही. आम्हा दोघांत ताकदीचा फरक फार मोठा आहे, म्हणून आम्ही वजनं वेगवेगळी घेतो, पण मोजणी एकत्र करतो. बाराव्या वेळेला माझे हात थरथरतात तेव्हा समोर त्याचेही थरथरत असतात. त्याचं वजन मोठं, माझं लहान, थरथर सारखी.

आता जे सांगायला मला जड जातं ते सांगते. चार महिन्यांत त्याचं सात किलो वजन उतरलं आणि माझं दीड. आम्ही जेवत होतो तेच, चालत होतो तेवढंच, आणि माझा तर गोडाचा घासही त्याच्यापेक्षा कमी होता. पुरुषाच्या शरीरात स्नायू जास्त, एकूण आकार मोठा, म्हणून बसल्या जागी खर्चही जास्त. त्यात माझी पाळी नुकतीच थांबलेली. या वयात बाईच्या शरीरात स्नायू घटत जातात आणि चरबी पोटाकडे सरकते. सगळं माहीत होतं. तरी वजनकाट्यावरून उतरून त्याने आनंदाने आकडा सांगितला की माझ्या पोटात काहीतरी मुरडायचं. ज्याचा श्वास परत यावा म्हणून मी जागले, त्याच्या बरं होण्याचा मला हेवा वाटत होता. हे मी कुणालाच सांगू शकत नव्हते. शेवटी त्याच बोलण्याच्या दिवशी त्यालाच सांगितलं. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी डायरीत माझ्या रकान्यातली वजनाची ओळ त्याने खोडली आणि म्हणाला, "तुझं काय मोजायचं ते तू ठरव." मी दोन गोष्टी ठरवल्या. रक्तदाब, आणि एका दमात किती वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं ते. दोन्ही माझ्या हातात होत्या आणि दोन्ही सुधारत होत्या. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. त्या दिवशी त्याने फोनवर आपल्या बहिणीला आधी माझी बातमी सांगितली, मग स्वतःची.

एक मैत्रीणही आहे माझी या वाटेवर. ती दूर राहते. आम्ही आठवड्यातून दोनदा कानाला फोन लावून आपापल्या रस्त्यावर चालतो. नवऱ्याबरोबरच्या चालण्यात घर चालत येतंच, कुणाचं काय राहिलं, कुणी काय करायचं ते. तिच्याबरोबर घर येत नाही. ती पलीकडे धापा टाकते आणि मी इकडे. एवढंच.

दोघांनी मिळून सुरू केलेलं दोघं मिळून सोडूही शकतात. हे मला आधी लक्षात घ्यायला हवं होतं. अमेरिकेत १३० जोडप्यांवर झालेल्या आणि २०१८ साली आलेल्या एका अभ्यासात जोडीतला एकच जण वजन उतरवण्याचा प्रयत्न करत होता. सहा महिन्यांनी दुसऱ्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश लोकांचं वजन तीन टक्के किंवा जास्त उतरलं होतं, काही न ठरवता. ही बातमी सगळे सांगतात. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू कमी सांगितली जाते, की दोघांची गती एकमेकांशी बांधलेली होती. एक सावकाश चालला की दुसराही रेंगाळत होता.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा आमचं सगळं बंद पडलं. आधी माझं, मग आठवड्याभरात त्याचं. रात्री आळीपाळीने त्यांच्याजवळ जागायचं, हाताला येईल ते खायचं, बसल्या बसल्या डुलकी काढायची. साडेचार महिन्यांनी त्या गेल्या. त्याचं पाच किलो वजन परत आलं होतं, माझा डोस पुन्हा वाढला होता. डायरी कुठल्याशा कपाटात होती. आम्ही दोघंही तिचं नाव काढत नव्हतो, कारण एकाने काढलं असतं तर दुसऱ्याला तो आरोप वाटला असता.

सवय लागायला किती दिवस लागतात याचा एक अभ्यास आहे, युनिव्हर्सिटी कॉलेजचाच, २०१० सालचा. ९६ जणांनी रोज एक नवी गोष्ट करून बघितली. ती आपोआप व्हायला लागायचा मधला आकडा सहासष्ट दिवसांचा निघाला, पण कुणाला अठराच दिवस लागले तर कुणाचा अंदाज दोनशे चोपन्नपर्यंत गेला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं होतं. मला त्या वाक्याचा पूर्वी आधार वाटायचा. पण आमचा एखादा दिवस चुकला नव्हता. एकशे तीसच्या वर चुकले होते.

एकच गोष्ट त्या सगळ्या काळात थांबली नव्हती. त्याच्या मशीनला हवा ओलसर ठेवायला पाण्याची एक छोटी डबी असते. ती मी रोज रात्री धुऊन भरत होते. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांतही, तो झोपायला येणार की नाही हे माहीत नसतानाही. त्याने ते बघितलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी मी डबी धूत असताना तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वीस मिनिटं?"

मी म्हटलं, "दहा."

दहाव्या मिनिटाला वळलो. त्या दिवशी तो फार पुढे गेलाच नव्हता. वळले तेव्हा तो मला दिसत होता, आणि घर येईपर्यंत त्याची पावलं मला मागे ऐकू येत होती.

आता त्याचा तासाचा आकडा मशीनसह दोनच्या आसपास असतो. मशीन सुटलेलं नाही आणि बहुधा सुटणार नाही. माझी गोळीही सुरू आहे. सकाळी पडदा आता तो स्वतः बघतो. सांगावंसं वाटलं तर सांगतो.

माझा घोटा मागे एकदा मुरगळला होता. तो बरा झाल्यावर फिजिओथेरपिस्टबाईंनी एका पायावर उभं राहायला सांगितलं, भिंतीजवळ, रोज. त्या निमित्ताने २०२२ साली प्रसिद्ध झालेला ब्राझीलमधला एक अभ्यास वाचनात आला. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना आधाराशिवाय एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं होतं. तीन संधी. सुमारे पाचातल्या एकाला ते जमलं नाही, आणि पुढच्या वर्षांत त्या गटात मृत्यू जास्त झाले. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असं त्यातून निघत नाही. तोल ही आतल्या पुष्कळ गोष्टींची एक खूण असावी, इतकंच. माझं लक्ष गेलं ते दहा सेकंदांकडे. त्याचा श्वास अडला असं धरायला लागतात तेवढेच.

पहिल्या दिवशी डाव्या पायावर मी चार सेकंद उभी राहिले. स्वतःच मोजत होते, आणि मोजण्यात लक्ष गेलं की तोल जायचा. तो दाराशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "तू मोजू नकोस. मी मोजतो."

तेव्हापासून रोज रात्री झोपायच्या आधी तो पलंगाच्या कडेला बसतो, मुखवट्याचा पट्टा हातात घेऊन, आणि मी भिंतीजवळ पाय उचलते. तो सावकाश मोजतो, आवाज न चढवता. परवा उजव्या पायावर बेचाळीस झाले. डाव्यावर एकोणिसाला टेकला.

"पुन्हा?" त्याने विचारलं.

मी पाय उचलला. त्याने एकपासून सुरुवात केली.